बारीक ड्राय फ्लायचे पंख

अरे, ड्राय फ्लाय म्हणजे ट्राउटसाठी हूकवर पिसं-दोरा बांधून केलेली, पाण्यावर तरंगणारी खोटी माशी, तिच्या पंखांचं विचारतोस तर पहिलं म्हणजे २२ नंबरच्या इवल्याशा हूकवर हॅकलच्या (कोंबड्याच्या मानेच्या पिसांच्या) टोकांचे पंख बसवायचा हट्ट सोड, दिसतात झकास पण एक जरी तिरका बसला ना की कास्ट करताना (गळ फेकताना) फ्लाय गरगर फिरते आणि टिपेटला, म्हणजे दोरीच्या बारीक टोकाला, पीळ पडतो, मी वर्षभर हेच करत बसलो होतो. सरळ सीडीसी घे. बदकाच्या शेपटीच्या बुडाशी तेलाची ग्रंथी असते तिथली पिसं, एक-दोन बास, आणि लांबी कात्रीने नाही, चिमटीत धरून तोडायची. फक्त जेल फ्लोटंट (फ्लाय तरंगत ठेवायचं मलम) लावू नकोस, तंतू चिकटून लगदा होतो. ओली झाली की रुमालात दाबायची, मग कोरडी पावडर.

कोलोरॅडोत साउथ प्लॅट नदीवर ट्रायको नावाच्या इवल्याशा माशीच्या दिवसांत मात्र पांढरं पॉली यार्नच (कृत्रिम धागा), पाण्यावर पंख पसरून पडलेली माशी त्यानेच जमते, पण यार्न उकलून थोडंसंच घे, नाहीतर मधे गाठोडं होतं. काफ टेल, म्हणजे वासराच्या शेपटीचे केस? इतक्या छोट्यावर नकोच, केस जाड नि वाकडे. पॅराशूटला (उभ्या पंखाभोवती हॅकल आडवं गुंडाळलेल्या फ्लायला) मी गुलाबी पॉली लावतो, चाळिशीतून पांढरं दिसत नाही आता, आणि ट्राउटची अजून तरी तक्रार नाही.