ॲपवर सुटतं, बोर्डवर मरतं

प्रश्न : नमस्कार सर, मी राहायला ठाण्यात कोपरीला आणि ऑफिस नेरूळला, ट्रान्सहार्बर लोकलला बसायला जागा मिळाली की नेरूळ येईपर्यंत फोनवर गो या काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांच्या बोर्डवरच्या खेळातली जगण्या-मरण्याची कोडी सोडवत बसतो, त्सुमेगो म्हणतात ती. ॲपवर लेव्हल बऱ्यापैकी वर गेलीये. पण रविवारी मित्रासोबत खऱ्या बोर्डवर बसलो की माझा सोंगट्यांचा एखादा मोठा ग्रुप हमखास मरतो आणि मरेपर्यंत मला पत्ताच नसतो. मग ही कोडी सोडवून उपयोग काय? – एक वाचक, कोपरी

उत्तर : उपयोग आहे हो, पण ॲप तुमचं अर्धं काम आधीच करून देतं. कोडं उघडलं की वर लिहिलेलंच असतं, 'काळ्याची चाल, काळा जगतो'. म्हणजे इथे काहीतरी दडलंय, चाल आपली आहे आणि जगता येतं, या तिन्ही गोष्टी फुकटात कळल्या. बोर्डवर हे कोण सांगणार? मित्र तर नाहीच, तो चहा पीत गप्प बसेल.

बाकी वाचकांसाठी थोडक्यात सांगतो, चारी बाजूंनी वेढला गेलेला ग्रुप मरतो, म्हणजे समोरचा तो उचलून नेतो, त्याला जगायला दोन डोळे लागतात, म्हणजे आतमध्ये एकमेकींना न चिकटलेल्या दोन वेगवेगळ्या रिकाम्या जागा, कारण समोरच्याला एका चालीत दोन्ही बुजवता येत नाहीत.

आता हे बोर्डवर मांडून बघा. कोपऱ्यापासून लांब, कडेपासून दुसऱ्या रेघेवर तुमच्या सलग आठ सोंगट्या, दोन्ही टोकांना आणि वर समोरचा, बाहेर पडायला वाट नाही. खालच्या पहिल्या रेघेवर जी जागा आहे तेवढंच तुमचं घर. तो एका टोकाकडून खाली घुसला, तुम्ही अडवलं, दुसऱ्या टोकाकडून घुसला, तिथेही अडवलं, मध्ये चार जागा उरल्या. चाल त्याची, पण मधल्या दोनपैकी एक त्याने घेतली की दुसरी तुम्ही घ्यायची, झाले दोन डोळे. आता एक सोंगटी काढा, सात ठेवा आणि तेच परत खेळा, मध्ये तीनच जागा उरतात, चाल पुन्हा त्याची, तो बरोब्बर मधल्या जागेवर टाकतो आणि खेळ खल्लास. पण सात असताना पहिली चाल तुमची असती तर एका टोकाला खाली उतरून चार जागा राखता आल्या असत्या. आणि सहा असतील तर तुम्ही आधी खेळलात तरी मरताच, त्यामुळे तिथे एक सोंगटीही वाया घालवायची नाही.

म्हणजे आठ असतील तर हात लावायचा नाही, सहा असतील तरी लावायचा नाही, घाई फक्त सातला. तुमचं नेमकं इथेच बिनसत असणार, माझी तरी खात्री आहे, सातचा ग्रुप उघडा पडलेला असतो आणि तुम्ही पलीकडच्या कोपऱ्यात मोठी जागा घेण्यात रमलेले असता, नाहीतर उलटं, आठच्या जिवंत ग्रुपला घाबरून अजून एक सोंगटी जोडता आणि तेवढ्यात समोरचा पलीकडचा कोपरा घेऊन जातो.

त्यामुळे उद्यापासून गाडीत एक करा, कोड्याच्या वरची ती ओळ अंगठ्याने झाका आणि आधी ठरवा की हा ग्रुप आहे तसाच जिवंत आहे, मेलेला आहे, की ज्याची चाल त्याचं राज्य. त्याने आधी खेळलं तर काय, हा प्रश्न पहिला, माझी चाल कुठे हा नंतर. आणि शेवटपर्यंत दिसल्याशिवाय स्क्रीनला बोट लावू नका. ॲपवर काय होतं, चुकलं की लाल दिसतं, मग आपण शेजारी टॅप करतो, मग अजून शेजारी, तिसऱ्या तुक्क्याला हिरवं येतं आणि लेव्हल पण वर जाते. मनात खेळताना समोरच्याच्या वतीने मठ्ठ चाल खेळायची खोडही बहुतेकांना असते, तिथे त्याची सगळ्यात त्रासदायक चाल शोधा. सरळ रेषेत चार जागा असल्या तर जिवंत, चौकोनी चार मेलेल्या, सरळ तीन असतील तर मधली ज्याने आधी घेतली त्याचं फावलं, एवढं तोंडपाठ हवंच, ते दर वेळी मोजत बसायचं नसतं.

प्रश्न : जुन्या जपानी संग्रहांतली एकदम कठीण कोडी केली तर लवकर सुधारणा होईल का? – वाशी

उत्तर : नाही. 1713 मध्ये इनोउए दोसेत्सु इनसेकी यांनी रचलेल्या 'इगो हात्सुयोरोन'मधली कोडी प्रोफेशनल खेळाडूंनाही घाम फोडतात. आवड म्हणून जरूर बघा, पण रोजच्या सरावाला मिनिटभरात सुटतील अशी सोपी घ्या आणि भरपूर घ्या.

प्रश्न : मुलगा सातवीत आहे, चेस खेळतो, आता गो शिकायचंय म्हणतो. महागडा सेट आत्ताच घ्यावा का? – एक आई, वर्तकनगर

उत्तर : ताई, आत्ता नको. पूर्ण बोर्ड 19 बाय 19 रेघांचा असतो, सुरुवातीला 9 बाय 9 पुरतो, कार्डशीटवर स्केलने आखा. त्याला साधारण चाळीस काळी आणि चाळीस पांढरी बटणं लागतील, जांभळी नाक्याला सहज मिळतील. फक्त कोडीच मांडायची असतील तर घरातला कॅरमच काढा, नऊ काळ्या नऊ पांढऱ्या सोंगट्यांत कोपऱ्यातली बरीच छोटी कोडी बसतात, फक्त रेघांमधलं अंतर साडेतीन सेंटीमीटर ठेवा नाहीतर सोंगट्या एकमेकींवर चढतात. आणि सोंगट्या घरांत नाही, रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे ठेवायच्या, चेसवाली मुलं हे हटकून विसरतात.