ठेव बिनधास्त, फक्त साउंडवाल्याला आधी आवर

भाऊ, तुझा प्रश्न वाचला. तीन दिवसांचा महोत्सव, दोन दिवस शास्त्रीय आणि नाट्यसंगीत, शेवटच्या संध्याकाळी मुंबईचा पारंपरिक जॅझ बँड आणि सोबत गायिका, आणि कमिटीतले काका म्हणतायत की जळगावचं पब्लिक उठून जाईल. नाही जाणार. ठेव बिनधास्त.

अरे आपली माणसं लग्नाच्या वरातीत ट्रम्पेट, क्लॅरिनेट, युफोनियम ऐकतच मोठी झालीत. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लीन्सलाही हे जॅझ रस्त्यावरच्या मिरवणुकीतच वाढलं, तिथे अजून अंत्ययात्रेला बँड असतो, जाताना चर्चमधली संथ गाणी आणि दफन करून परतताना एकदम उडत्या चाली, बँडच्या मागे नाचत चालणाऱ्या गर्दीला सेकंड लाइन म्हणतात. म्हणून माझं ऐकशील तर बँडला पडदा उघडून स्टेजवर दाखवू नको, मागच्या गेटातून वाजवत खुर्च्यांच्या मधून आण. पहिल्या पाच मिनिटांत पब्लिक तुझं. त्यासाठी बँडला आत्ताच विचारून ठेव की खालच्या सुरांसाठी डबल बेस आणणार, म्हणजे ते माणसाएवढं उभं तंतुवाद्य, की ट्युबा, म्हणजे फुंकायचं मोठं पितळी वाद्य, कारण ट्युबा चालता चालता वाजतो, डबल बेस नाही, आणि तो एवढा मोठा असतो की रेल्वेने आणायचा तर डोक्याला ताप.

आता मुख्य गोष्ट, साउंड. पारंपरिक जॅझमध्ये पुढे तीन जण फुंकणारे असतात, ट्रम्पेट चाल धरतो, क्लॅरिनेट त्याच्या वरून नक्षी काढतं आणि ट्रॉम्बोन खालून सरकते सूर देत दोघांना जोडतो, आणि हे तिघं एकाच वेळी, एकमेकांना ऐकत, तिथल्या तिथे रचत असतात. सगळी मजा त्यात आहे. जुन्या काळचा जॅझवाला किंग ऑलिव्हर, त्याच्या बँडची १९२३ ची रेकॉर्डिंग ऐक, पुढे जॅझमधलं सगळ्यात मोठं नाव झालेला लुई आर्मस्ट्राँग तरुणपणी त्यात दुसरा कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटचाच छोटा भाऊ, वाजवतोय, जुना खरखरीत आवाज पण कोण कुणाला कसं उत्तर देतंय ते कळतं. आपल्याकडचे साउंडवाले डीजेच्या सवयीने प्रत्येक वाद्याला माइक लावतात आणि बेस चढवतात. एका गावात मी हे समोर बसून बघितलंय, ड्रमचा धपधप छातीत लागत होता आणि क्लॅरिनेटवाला गाल फुगवून लाल झाला तरी त्याचा एक सूर ऐकू येईना, मग ट्रम्पेटवाला पण जोरात, सगळेच जोरात. इंटरव्हलनंतर बँडने फक्त गायिकेचा आणि पियानोचा माइक चालू ठेवायला लावला आणि लोक आपणहून खुर्च्या पुढे ओढायला लागले. तुमचं नाट्यगृह बंदिस्त असेल तर फुंकायच्या वाद्यांना माइक लागतच नाही म्हटलं तरी चालेल. खुल्या मैदानात थोडा लागेल, पण तरी त्यांना स्टेजभर पसरवू नका, मधे अर्धवर्तुळात जवळजवळ उभं राहू द्या.

कार्यक्रम जानेवारीत म्हणतोयस, तर थंडीचं बघ. धुळ्या-जळगावकडे रात्री कसं गारठतं ते तुला सांगायला नको, आणि गार झालं की पितळी वाद्यांचा सूर उतरतो, इलेक्ट्रिक पियानोचा मात्र जागचा हलत नाही, मग दोघांचं जमत नाही. स्टेजवर जायच्या आधी त्यांना दहा-पंधरा मिनिटं वाजवून वाद्यं गरम करायला एक आडोशाची खोली दे. क्लॅरिनेट लाकडी असतं, दुपारी साउंड चेकला उन्हात ठेवू देऊ नको, चिरतं.

गायिकेबद्दल काकांना एक आधीच समजावून ठेव. ती गाण्याची एक फेरी म्हणेल आणि बाजूला होईल, मग तीच फेरी आवर्तनासारखी फिरत राहते आणि एकेक वादक त्यावर वाजवतो, मग ती परत येते. मधे ती गप्प उभी आहे म्हणजे काही बिघडलेलं नाही. वादकाची फेरी संपली की गाणं चालू असतानाच टाळ्या वाजवतात, आपण तानेला वा म्हणतो ना तसंच, निवेदकाने एवढं एक वाक्य सांगितलं तरी लोक मोकळे होतात.

काकांना पटवायला अमेरिकन गायिका बेसी स्मिथचं १९२५ चं सेंट लुइस ब्लूज हे गाणं ऐकव. ती एक ओळ म्हणते आणि आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट उरलेल्या जागेत उत्तर देतो, आणि मागे साथीला चक्क पेटी आहे, भात्यावर चालणारी, आपल्या संगीत नाटकात ऑर्गन असायचा त्याच जातीची. बालगंधर्व ऐकणाऱ्या माणसाला हे परकं वाटणारच नाही, मला तर त्या दोघांचं सवाल-जवाब ऐकताना अजूनही काटा येतो. आणि काका सी. रामचंद्रवाले असतील तर आणखी सोपं, त्यांचा अलबेला सिनेमा १९५१ चा, आणि अण्णांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या, सोबत तेव्हा चिक चॉकलेट होते, मुंबईत ताजमध्ये बँड चालवणारे गोव्याचे ट्रम्पेटवाले, ज्यांना लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे. म्हणजे काकांनी हे आधीच ऐकलंय, पन्नास वेळा.

वेळ दीड तास ठेव, मधे सत्कार घुसवू नको, सत्कार काय ते आधीच उरकून घ्या. तारीख पक्की झाली की इथे टाक, भुसावळहून आम्ही चार-पाच जण येतोच.