नाशिकमध्ये जुनी फॉर्च्युनर किंवा एन्डेव्हर घेताना काय बघावं?
दिल्लीची स्वस्त गाडी दिसली की लगेच भुलू नका भाऊ, तिकडच्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला), इथला रोड टॅक्स आणि एमएच 15 चं रजिस्ट्रेशन धरलं की किमतीतला फरक बराचसा संपतो. बघायला सकाळी जा, आधी बोनेटला हात लावा, गरम लागलं तर मालकाने आधीच चालू करून ठेवलीय, थंड इंजिनच खरं बोलतं. मग खाली वाकून चेसिसवर (गाडीच्या खालच्या सांगाड्यावर) वेल्डिंग, गंज बघा आणि गाडी फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद देणारी) असेल तर तिचा लो गिअर टाकून बघाच. फोर्डने 2021 ला भारतात विकायच्या गाड्या इथे बनवणं थांबवलं, म्हणून एन्डेव्हरचे पार्ट आधी विचारून घ्या. कसारा घाट नेहमीचा असेल तर ब्रेक, कूलंटवर कंजूषी नको, टायरला वेगळे पैसे ठेवा.