मुलगा एम.डी. झाला, आता लोकसभा म्हणतोय

प्रश्न : डॉक्टरसाहेब, मुलगा एम.डी. मेडिसिन आहे. दारव्ह्याला आमचा वीस खाटांचा दवाखाना आहे. सध्या रोज पक्षाची माणसं येऊन बसतात. ‘दिल्लीत गेलो तर एका सहीत लाखो लोकांचं भलं होईल,’ म्हणतो. एवढं शिक्षण पाण्यात जाणार का?
– एक आई, दारव्हा

उत्तर : ताई, मी सेवाग्रामच्या मेडिकल कॉलेजचा, सत्तरच्या दशकातला. त्यामुळे तुमच्या प्रश्नाकडे त्रयस्थासारखं बघणं मला जमायचं नाही. आमचं कॉलेजच एका माजी केंद्रीय आरोग्यमंत्र्यांनी उभं केलेलं. डॉ. सुशीला नय्यर, सेवाग्रामात सगळ्यांच्या बडी बहनजी.

बाई दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमधून शिकून आलेल्या. बेचाळीसला पुण्याच्या आगाखान महालात बापू-बांसोबत कैदेत होत्या. तिथेच बापूंचे सचिव महादेवभाई देसाई गेले, फेब्रुवारी १९४४ मध्ये बा गेल्या. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणून त्या जवळ होत्या. (त्याच महालात मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डरही कैदी होते, आणि तेसुद्धा १९३७ च्या मुंबई मंत्रिमंडळातले मंत्री! तुमच्या मुलाचं खूळ काही नवं नाही.) पुढे १९५२ मध्ये दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री, १९५७ पासून झाशीच्या खासदार आणि १९६२ ते ६७ केंद्रात आरोग्यमंत्री.

आता ‘एका सहीत’चं बघू. दवाखाने, नर्सा, औषधं हा सगळा राज्यांचा कारभार. केंद्राच्या हातात पैसा, मोठे कार्यक्रम आणि समित्या. बाईंच्या काळात, १९६४ मध्ये, गर्भपाताच्या कायद्याचा विचार करायला समिती नेमली गेली. अध्यक्ष आपल्या महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह. कायदा झाला १९७१ मध्ये. बाईंचं मंत्रिपद जाऊन तोवर चार वर्षं झाली होती. चिरंजीवांना म्हणावं, सहीचा हिशोब असा असतो.

मंत्रिपद गेल्यावर बाई सेवाग्रामला आल्या आणि १९६९ मध्ये, गांधीशताब्दीच्या वर्षी, कॉलेज सुरू केलं. अंगावर खादी, सुरुवातीला आश्रमात शिबिर, झाडू, प्रार्थना. आम्ही कुरकुरायचो. प्रत्येक बॅचला एक गाव दत्तक आणि प्रत्येकाच्या वाट्याला काही घरं. माझ्या वाट्याच्या एका घरची म्हातारी पहिल्याच दिवशी म्हणाली, “सुई आणली का रे? नाही? मग काय कामाचा डॉक्टर!” विहिरीचं पाणी, पोरांची वजनं असलं काही विचारायला गेलो, तर ती सुईवरच अडून. तिच्याकडून मी जेवढं शिकलो तेवढं वॉर्डात नाही शिकलो. माझ्यापुरतं म्हणाल, तर बाईंचं खरं काम ते, दिल्लीतलं नव्हे.

तेव्हा शिक्षण पाण्यात जातं असं मी म्हणणार नाही. बंगालचे डॉ. बिधानचंद्र रॉय मुख्यमंत्री असतानाही रुग्ण तपासायचे. पण मुलाला दोन गोष्टी विचारा. तो प्रचाराला हिंडेल तेव्हा त्या वीस खाटांचा राउंड कोण घेणार? नाव सांगू दे, ‘होईल काहीतरी’ चालणार नाही. आणि मेडिकल कौन्सिलचं नोंदणी-नूतनीकरण दर पाच वर्षांनी येतं, ते चुकवू नकोस म्हणावं. खासदारकी कायमची नसते, डॉक्टरकी हाताशी हवी. झाशीच्या मतदारांनी बाईंना तीनदा लागोपाठ निवडून दिलं, मग मध्ये काही वर्षं खासदारकी नव्हती.

आणि त्या पक्षाच्या माणसांना चहा देता ना, तेव्हा त्यांचं बीपी तपासून घ्या. निम्म्यांचं वाढलेलं निघेल.