गिरण्यांच्या गावात कापड का नव्हतं?

प्रश्न : आजी, माझी मुलगी सातवीत आहे. दुसऱ्या महायुद्धात इंदुरात कापड मिळत नसे, असं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तिथे तर मिलच मिल होत्या, मग कापड गेलं कुठे?" मला काही सांगता आलं नाही. – एक वाचक, वडोदरा

उत्तर : लेकीला सांगा, मी आठ वर्षांची असताना वडिलांना हेच विचारलं होतं. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल... भोंगे वाजले की आमच्याकडे आधण चढायचं. वडील एका मिलमध्ये कारकून. ते म्हणाले, "कापड रोज निघतं गं, पण गाठी बांधून लष्कराकडे जातं."

साल १९४३. देशभरातल्या गिरण्यांचं बरंचसं कापड सैन्यासाठी जाई, काही जहाजांनी परदेशी जाई. स्वस्त जपानी कापड यायचं, ते जपान शत्रूपक्षात गेल्यावर बंदच झालं. राहिलं त्याचे भाव असे भडकले की जून १९४३ मध्ये सरकारला कंट्रोल आणावा लागला. मग मिलमधून निघतानाच कापडावर किंमत छापून येऊ लागली.

तो छाप मी विसरलेले नाही. वडील सकाळपासून रांगेत उभे राहून दुपारी मांजरपाट घेऊन आले. आईने त्याचा मला परकर बेतला, तर छापाचा तुकडा नेमका मध्ये आला. तो कापून टाकायचा म्हणजे चार बोटं कापड वाया, ते तिला कसं परवडावं? रिठ्याने घासलं, उन्हात टाकलं, निळी शाई हटेना. शेवटी तिने तो भाग नेफ्यात दुमडून शिवला. शाळेत बाई शिकवत असताना माझं बोट त्या जाड शिवणीवरून फिरत असे. आत किंमत आहे, हे फक्त मला आणि आईला ठाऊक होतं.

मोठ्या बायकांचे हाल जास्त. नऊवारी लुगड्याला कापड लागतं किती! आई दोन विरलेल्या लुगड्यांचे धड भाग जोडून दांड घालायची, तेही दुपारीच, खिडकीशी बसून. ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेल्यापासून तिथून येणारं दिव्याचं घासलेटही जपून वापरावं लागे. दांडाचं लुगडं नेसून ती हळदीकुंकवाला जायची, तेव्हा निऱ्या अशा धरायची की जोड दिसू नये. एक दिवस ती पाचवारी नेसून स्वयंपाकघरात आली. माझ्या आजीने तिच्याशी दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी आजीने आपल्या पेटीतलं ठेवणीतलं लुगडं काढलं आणि म्हणाली, "हे फाड, पोरींना झंपर होतील." आई त्या दिवशी जेवली नाही.

खाण्याचं म्हणाल तर मालव्यात गहू-ज्वारी होती, आम्ही उपाशी झोपलो नाही. बंगालात त्याच वर्षी लाखो माणसं अन्नावाचून मेली, म्हणून हे आधी सांगते. तांदूळ मात्र घरात दिसेना. ब्रह्मदेशातून येणारा १९४२ पासूनच थांबला होता. वरणभाताची मूद सणापुरती. साखर आजाऱ्यासाठी राखलेली, चहा गुळाचा, आणि गूळ जरा आधी पडला की दूध फाटायचं. तो फाटका चहाही वडील न बोलता पिऊन टाकत.

परकर आखूड झाल्यावर आईने तो गोधडीत घातला. ती गोधडी माझ्याकडे आहे. एका कोपऱ्यात वरचं कापड झिजलंय, तिथून निळ्या शाईचा एक आकडा दिसतो. तो तीन की आठ, हे आता कळत नाही. सुट्टीत लेकीला घेऊन इंदूरला या, तिचे डोळे चांगले आहेत, तिला वाचता येईल.