वाचकांचे प्रश्न : साडेपाच हजारांवर अडणारं इंजिन

प्रश्न : चार सिलिंडरच्या टर्बो इंजिनवर मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून स्टँडअलोन, म्हणजे हवा तसा ट्यून करता येणारा, ईसीयू बसवला आहे. क्रँकवर 36-1 चं ट्रिगर व्हील, म्हणजे 36 पैकी एक दात गाळलेली चकती आहे, सेन्सर इंजिनचा मूळचाच, दोन तारांचा. 5500 आरपीएमपर्यंत गाडी मस्त पळते. पुढे गचके मारते आणि चढतच नाही. त्या वेळी वाइडबँड (एक्झॉस्टमधला सेन्सर) लीन, म्हणजे पेट्रोल कमी, दाखवतो, म्हणून ट्यूनरने तिथलं पेट्रोल दोनदा वाढवलं. आता काळा धूर येतो, गचके मात्र तसेच. पंप बदलला, कॉइल बदलल्या. ईसीयूच खराब असेल का?

उत्तर : चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायची घाई नको. आधी वाढवलेलं पेट्रोल काढा आणि मॅप (ईसीयूमधला पेट्रोलचा तक्ता) पूर्ववत करा.

वाइडबँड पेट्रोल मोजत नाही, एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजतो. एखाद्या सिलिंडरमध्ये ठिणगी पडली नाही, तर तिथली हवा न जळता तशीच बाहेर येते. तिच्यातला ऑक्सिजन पाहून वाइडबँड 'लीन' म्हणतो. म्हणजे मिसफायर झाला तरी आकडा लीनच दिसणार. त्यावर पेट्रोल ओतलं की जी सिलिंडर नीट जळतायत ती रिच होतात, म्हणजे तिथे पेट्रोल जास्त होतं, आणि तुमचा काळा धूर तिथूनच येतोय. खरोखर पेट्रोल कमी पडत असतं, तर दोनदा वाढवल्यावर काहीतरी फरक दिसला असता. तुमच्या पत्रातला हा सगळ्यात कामाचा पुरावा आहे. त्यामुळे पंपावरचा खर्च वाया गेला असं मी म्हणेन.

आता ईसीयूचा लॉग (चालत्या गाडीतल्या नोंदी) काढा. त्यात आठ-दहा गोष्टी दिसतील, पण पाहायच्या तीनच : आरपीएम, सिंक लॉसचा काउंटर (ईसीयूचा दातांचा हिशेब किती वेळा तुटला ते) आणि ईसीयूला मिळणारा व्होल्टेज. गचका बसला त्या जागी आरपीएमची रेघ नीट मोठी करून बघा. एका नोंदीत 5600, पुढच्या नोंदीत शून्य, आणि लगेच परत 5600 असं दिसलं तर इंजिन थांबलं नव्हतं, सिग्नल थांबला होता. फिरतं फ्लायव्हील सेकंदाच्या विसाव्या भागात थांबून परत त्याच वेगाने फिरायला लागत नाही. मधेच 9000 चं टोक दिसलं तरी निदान तेच.

मी या धंद्यात वायरिंगच्या बाजूने आले, त्यामुळे माझा पहिला संशय तारांवरच जातो. पण दोन तारांच्या मॅग्नेटिक सेन्सरच्या बाबतीत तो बहुतेक वेळा बरोबर ठरतो. हा सेन्सर स्वतःच वीज तयार करतो. दात समोरून गेला की व्होल्टेज एका बाजूला चढतो, शून्यातून खाली उतरतो, आणि ईसीयू ते शून्य ओलांडणं मोजतो. दोन तारा उलट लागल्या तरी इंजिन सुरू होतं, आयडलिंगला बरं चालतं, म्हणून कुणाला शंका येत नाही. पण ज्या जागी दात नाही तिथली लहर वेडीवाकडी होते आणि वेग वाढला की ईसीयूचा हिशेब चुकतो. सेन्सरच्या तारांची अदलाबदल करा, किंवा सॉफ्टवेअरमध्ये ट्रिगर एज (लहरीची चढती की उतरती बाजू मोजायची ते) बदला. दोन्ही एकदम करू नका, नाहीतर होतं तिथेच याल.

बदल केल्यावर ठिणगीचं टायमिंग परत तपासणं भाग आहे. ईसीयूमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करा, टायमिंग लाइट लावा, पुलीवरची खूण 10 वर आणा. मग रेस देऊन 4000 पर्यंत न्या. खूण जागेवरून हलता कामा नये. हळूहळू सरकत असेल तर सिग्नलच्या विलंबाची भरपाई चुकलेली आहे किंवा पोलॅरिटी (सेन्सरच्या तारांची दिशा) अजून उलटीच आहे. हे जुळेपर्यंत बूस्टवर (टर्बोच्या दाबावर) गाडी चालवू नका, पिस्टन जायचे.

पोलॅरिटी बरोबर निघाली तर पुढे बघा. सेन्सर आणि दातांमधली फट किती, आणि व्हील फिरताना डुलतं का? फिलर गेज घालून क्रँक हाताने पूर्ण एक फेरा फिरवा, फट सगळीकडे सारखी लागली पाहिजे. सेन्सरच्या केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करायची, दोन्हीकडे नाही. ही केबल कॉइलच्या तारांना बांधलेली असेल तर आजच सोडवा. प्लग रेझिस्टरचे आहेत ना? टर्मिनल ते मधला इलेक्ट्रोड मल्टिमीटरने मोजा, साधारण 5 किलोओहम यायला हवेत. शून्याजवळ आले तर प्रत्येक ठिणगी सेन्सरच्या तारेत गोंगाट घालतेय.

आणि आरपीएमची रेघ स्वच्छ निघाली तर? मग सिग्नल निर्दोष. प्लगची फट 0.7 मिलिमीटरवर आणून पाहा, बूस्टखाली मोठी फट ठिणगीला झेपत नाही. नवीन कॉइलचा ड्वेल (चार्ज करण्याचा वेळ) जुन्या कॉइलचाच ठेवलाय का, तेही विचारा.

प्रश्न : दिवसा आयडलिंग ठीक असतं. रात्री हेडलाइट आणि रेडिएटरचा पंखा एकदम चालू असले की मिश्रण लीन दिसतं, इंजिन थरथरतं. फुल थ्रॉटलला काहीच त्रास नाही.

उत्तर : क्लोज्ड लूप करेक्शन आधी बंद करा. ते चालू असताना ईसीयू वाइडबँडचा आकडा पाहून मुकाट्याने दुरुस्ती करत राहतो आणि दोष झाकला जातो. मग वाइडबँडच्या गेजवरचा आकडा आणि ईसीयूत दिसणारा आकडा शेजारी ठेवून लाइट लावा.

फक्त ईसीयूतलाच आकडा हलला तर दोष अर्थिंगचा. तुमच्या वाइडबँडचं आउटपुट 0 ते 5 व्होल्टला 10 ते 20 एएफआर (हवा-पेट्रोलचं प्रमाण) असं असेल, तर 0.1 व्होल्टच्या फरकाने 0.2 एएफआर चूक येते. वाइडबँडच्या कंट्रोलरची अर्थ बॉडीवर आणि ईसीयूची इंजिनवर असेल तर एवढा फरक सहज पडतो. कंट्रोलरची अर्थ ईसीयूच्या अर्थ पॉइंटवरच घ्या. पण वाइडबँडच्या हीटरचा करंट सेन्सर ग्राउंडमधून जाऊ देऊ नका, त्याने बाकीचे सेन्सरही खोटं बोलू लागतील.

दोन्ही आकडे हलले तर इंजेक्टरचा डेड टाइम (सिग्नल मिळाल्यापासून उघडेपर्यंत वाया जाणारा वेळ) बघा, आणि थरथर बघता मला हेच जास्त शक्य वाटतं. व्होल्टेज पडला की इंजेक्टर उशिरा उघडतो. समजा आयडलिंगला पल्स 2.2 मिलिसेकंदांची, त्यात डेड टाइम 1. पेट्रोल पडतं ते 1.2 मिलिसेकंदच. व्होल्टेज पडून डेड टाइम 0.2 ने वाढला आणि टेबलला ते ठाऊक नसेल, तर पेट्रोलचा सहावा भाग गेला. फुल थ्रॉटलला पल्स 12 मिलिसेकंदांची असते, तिथे तेवढ्याच चुकीने दोन टक्केसुद्धा जात नाहीत. इंजेक्टर बनवणाऱ्याने दिलेला व्होल्टेजनुसार तक्ता, तोही तुमच्या फ्युएल प्रेशरचा, जसाच्या तसा भरा. अंदाजाने आकडे टाकू नका.

प्रश्न : सकाळी सेल्फ मारला की प्लग पेट्रोलने भिजतात. कोल्ड स्टार्टचे आकडे कमी करू का?

उत्तर : थांबा. गाडी रात्रभर उभी ठेवा, सकाळी इंजिन सुरू न करता नुसती चाबी ऑन करा. कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान जवळपास सारखं दिसलं पाहिजे, आणि मॅनिफोल्ड प्रेशर समुद्रसपाटीला 100 किलोपास्कलच्या आसपास. कूलंट उणे 40 दाखवत असेल तर तार तुटलीय किंवा प्लगमधली पिन मागे सरकलीय. दोन तापमानांत पंधरा अंशांचा फरक असेल तर सॉफ्टवेअरमध्ये दुसऱ्याच सेन्सरचा तक्ता निवडलाय. तुमच्या ईसीयूला इंजिन बर्फासारखं गार वाटतंय, म्हणून तो पेट्रोल ओततोय. तक्ता बदला, कोल्ड स्टार्टला हात लावायची वेळच बहुधा येणार नाही.

प्रश्न : नवीन कॉइल बसवल्या. चाबी ऑन करताच त्या गरम होतात, इंजिन सुरू नसतानाही.

उत्तर : हे वाचताय तोवर कॉइलचे कनेक्टर काढून ठेवा. इग्निशन आउटपुटची पोलॅरिटी सेटिंगमध्ये उलटी पडली आहे, त्यामुळे कॉइल सतत चार्ज होतायत. सेटिंग बदला, मग एकच कॉइल जोडून, प्लग बाहेर ठेवून, आउटपुट टेस्ट मोडमध्ये ठिणगी बघा. ती थंड राहिली तरच उरलेल्या जोडा.