अण्णांचा पीएसए वाढलाय, म्हणजे कॅन्सरच का?

"आमच्या वडिलांचा पीएसए वाढलाय, म्हणजे कॅन्सर झालाच का?" आणि त्याला लागून दुसरा, जरा रागातला प्रश्न: "बायकांच्या कॅन्सरसाठी सरकार शिबिरं घेतंय, मग पुरुषांसाठी का नाही?" बेळगाव, खानापूर, निपाणी भागातून समुपदेशनासाठी येणाऱ्या घरांमध्ये हे दोन्ही प्रश्न बहुधा जोडीनंच येतात. पीएसए म्हणजे पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीसाठीची रक्ततपासणी. एका घराची हकिकत सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

अण्णा अडुसष्टचे. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत मोल्डिंगवर आयुष्य काढलेला माणूस. मुलानं सवलतीत मिळतंय म्हणून लॅबचं फुल बॉडी पॅकेज घेतलं. पोरगा घरी येऊन रक्त घेऊन गेला आणि रिपोर्ट मोबाईलवर आला. त्यात पीएसए ६.८ आणि शेजारी लाल बाण. ही तपासणी कुणा डॉक्टरनं लिहून दिली नव्हती, ती कशासाठी असते हेही कुणी सांगितलं नव्हतं. मुलानं नेटवर वाचलं, सुनेनं वाचलं, दोघांची झोप उडाली. अण्णांना मात्र कुणी काहीच सांगितलं नाही. घरात सगळे आपल्याशी एकदम गोड का वागायला लागलेत, एवढंच त्यांना कळेना.

माझ्यासमोर बसल्यावर मुलगाच बोलत होता. मध्येच काकू म्हणाल्या, "रात्री चार-चार डाव उठत्यात ओ. बसनं जायचं म्हटलं की सकाळपासनं पाणी पीत न्हाईत. लग्नाला जायचं सोडलंय बगा." अण्णा भिंतीकडं बघत म्हणाले, "वय झालं की असतंय की ते."

मी बाकीच्यांना बाहेर चहा घ्यायला पाठवलं. पुरुष बायकोसमोर आणि मुलासमोर या विषयावर बोलत नाहीत, हा माझा रोजचा अनुभव. बाहेरचं दार लागल्यावर अण्णांनी आवाज खाली आणून विचारलं, "मॅडम, आमच्या गल्लीत एकाच्या गोळ्याच काढल्या ओ. माझ्याबी काढत्यात का?"

ही भीती वेडगळ नाही. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत गेला की पुरुषी हार्मोन बंद करावं लागतं. त्यासाठी दर काही महिन्यांनी इंजेक्शन घ्यायचं, नाहीतर एकदाच शस्त्रक्रिया करून वृषणं काढायची. इंजेक्शनांचा खर्च परवडत नाही म्हणून आपल्याकडं बरेच जण शस्त्रक्रिया निवडतात. शेजाऱ्याचं तसंच झालं असणार. पण तो उशिरा सापडलेल्या रोगाचा उपचार. अण्णांना अजून रोग आहे की नाही हेच ठरलेलं नव्हतं. एवढं सांगितल्यावर ते पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले.

मग कागदावर चित्र काढून दाखवलं. लघवीच्या पिशवीखाली अक्रोडाएवढी प्रोस्टेट ग्रंथी, तिच्या मधून जाणारी लघवीची नळी. वयानुसार ग्रंथी फुगते, नळी दाबली जाते, धार बारीक होते. ही फूग म्हणजे कॅन्सर नव्हे. पीएसए हे त्या ग्रंथीतलंच प्रथिन. ती फुगली, लघवीला जंतुसंसर्ग झाला, कॅथेटर घातला, तरी रक्तातला आकडा वर जातो. चार ते दहाच्या मध्ये आकडा असलेल्या पुरुषांच्या ग्रंथीचा तुकडा सुईनं काढून तपासला (बायोप्सी) तर साधारण चौघांतल्या एकालाच कॅन्सर निघतो. रिपोर्टवरचा लाल बाण यातलं काही सांगत नाही.

मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांची पाकिटंही मी घेऊन यायला लावते. लघवीसाठी दिलेल्या काही गोळ्यांत फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड असतं. ती सहा महिने वर्षभर घेतली की पीएसए निम्म्यावर येतो आणि खरा आकडा झाकला जातो. अण्णांच्या पाकिटावर नुसतं टॅम्सुलोसिन होतं, म्हणजे ती अडचण नव्हती.

युरॉलॉजिस्टनं, म्हणजे मूत्ररोगाच्या डॉक्टरनं, लघवी तपासली तर जंतुसंसर्ग निघाला. आधी त्याचा कोर्स, मग काही आठवड्यांनी पुन्हा रक्त. आकडा उतरला, पण चारच्या खाली आला नाही. मग एमआरआय, त्यात एक डाग, म्हणून तुकडा. आधी एमआरआय आणि मग गरज असेल तरच सुई, हा क्रम सरकारी पैशातून झालेल्या संशोधनानं बसवला. ब्रिटनमधल्या प्रॉमिस नावाच्या अभ्यासाला तिथल्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेनं पैसा दिला होता. २०१७ साली त्याचे निष्कर्ष आले: आधी एमआरआय केला तर चौथ्या हिश्शाहून थोड्या जास्त पुरुषांना सुई टाळता येईल.

तुकड्याचा रिपोर्ट आला. कॅन्सर होता, पण सगळ्यात सौम्य गटातला. रोगाचा जोर सांगणारा ग्लिसन आकडा ३+३. डॉक्टर म्हणाले, आत्ता ऑपरेशन नको, लक्ष ठेवू. खरा भडका उडाला तो इथं. मुलगा माझ्याकडं येऊन जवळजवळ ओरडलाच, "कॅन्सर हाय म्हणत्यात आणि औषध देत न्हाईत! बीपीएल कार्ड बघूनच असं बोलत्यात काय?"

त्याचा राग मला समजतो. आपल्या भागातल्या माणसाला कागदावर कागद आणायला लावून दमवलेलं असतं. रिपोर्ट इंग्रजीत, योजनेचा फॉर्म कन्नडमध्ये, घरात बोलणं मराठी. त्यात "थांबू या" ऐकलं की माणसाला टाळल्यासारखंच वाटतं. म्हणून मी त्याला दुसरा अभ्यास सांगितला, तोही ब्रिटिश सरकारच्या पैशातला. प्रोटेक्ट त्याचं नाव. ग्रंथीपुरताच कॅन्सर असलेल्या १,६४३ पुरुषांचे तीन गट केले: एकाला ऑपरेशन, दुसऱ्याला रेडिएशन, तिसऱ्यावर नुसतं लक्ष. २०२३ मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब आला. तिन्ही गटांत शंभरातले सुमारे सत्त्याण्णव जण या कॅन्सरनं गेले नव्हते. ऑपरेशनवाल्यांना मात्र लघवी गळण्याचा आणि शरीरसंबंधाचा त्रास जास्त झाला. लक्ष ठेवायचं म्हणजे फाईल कपाटात टाकायची असं नव्हे. ठरलेल्या मुदतीत पीएसए, गरजेनुसार एमआरआय, पुन्हा तुकडा, आणि रोग वाढतोय दिसलं की उपचार सुरू. ते चुकवलं तर सगळं मुसळ केरात.

आता सरकारचा प्रश्न. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस वर्षांवरच्यांची तोंडाच्या, स्तनाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तपासणी होते. तोंडाची पुरुषांचीही होते. प्रोस्टेट त्यात नाही. सरसकट पीएसए सुरू करा, असं मीही म्हणणार नाही. अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं २०१२ साली ही तपासणी नकोच म्हटलं, २०१८ मध्ये ५५ ते ६९ वयाच्या पुरुषांनी डॉक्टरांशी बोलून ठरवावं असं म्हटलं. कारण युरोपातल्या मोठ्या अभ्यासात मृत्यू सुमारे एक पंचमांशानं घटले, पण ज्यांना कधीच त्रास झाला नसता अशाही अनेकांवर उपचार झाले. ब्रिटनमध्ये ट्रान्सफॉर्म नावाची ४.२ कोटी पौंडांची चाचणी याच गुंत्यासाठी उभी केली, त्यात १.६ कोटी सरकारचे. आपल्या पुरुषांवर असं मोठं काम व्हायला हवं, आणि त्याला पैसा सरकारनंच घालायला हवा. औषध कंपनी किंवा लॅब तो कशाला घालेल?

तोवर निदान माहिती तरी द्या. सरकार गप्प आहे म्हणून ती जागा पॅकेजवाल्यांनी घेतली आहे. रक्त घेण्याआधी दहा मिनिटं बोलणारं कुणीतरी, आणि सीमाभागातल्या आरोग्य केंद्रात कन्नडबरोबर मराठीतही एक पत्रक, याला फार खर्च येत नाही.

खर्चाचं मुलाला असं सांगितलं: आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण थेट खासगी दवाखाना गाठू नका. आधी सिव्हिलला जाऊन रेफरल घ्या. लघवीतून रक्त, अचानक लघवी तुंबणं, किंवा कंबरेत-हाडांत रात्री न थांबणारं दुखणं दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

उठता उठता मुलानंच विचारलं, "मग माझं काय ओ मॅडम?" तो बेचाळीसचा. वडिलांना असेल तर मुलाचा धोका साधारण दुप्पट होतो, म्हणून पंचेचाळिशीत युरॉलॉजिस्टशी बोलून घे म्हटलं. पॅकेज घेऊन नको. अण्णा दारातनं म्हणाले, "आणि रिपोर्ट आला की आधी मला दाखव."